पहाऱ्याची मुदत

सिंगापूर बेटाच्या मध्यभागी, थॉमसन रस्त्याच्या दोन्ही अंगांस, नोव्हेना नावाची वस्ती आहे. संत अल्फोन्सस यांच्या नावाने बांधलेल्या तेथील कॅथलिक चर्चमध्ये दर शनिवारी जी नोव्हेना-प्रार्थना होते तिच्यावरून लोकांनी त्या चर्चलाच नोव्हेना चर्च म्हणण्याचा प्रघात पाडला. १९८७ साली शेजारी भुयारी रेल्वेचे स्थानक उघडले तेव्हा त्यालाही तेच नाव मिळाले, आणि यथावकाश सरकारी नकाशांत साऱ्या परिसराची तीच नोंद झाली. तथापि शहराच्या इतिहासात या वस्तीला जे स्थान आहे ते रोगराईने दिलेले आहे. मलाक्क्यात जन्मलेले आणि सिंगापुरात व्यापार करून संपन्न झालेले टॅन टॉक सेंग यांनी निर्धन रुग्णांसाठी दिलेल्या देणगीतून १८४४ साली ज्या रुग्णालयाची कोनशिला पर्ल्स टेकडीवर बसली, ते रुग्णालय एका मुक्कामानंतर १९०९ साली येथील मोलमीन रस्त्यावर येऊन स्थिरावले. १९१३ साली त्याच रस्त्यावर सांसर्गिक रोग्यांसाठी वेगळे इस्पितळ उभे राहिले, त्याला पुढे मिडलटन या आरोग्याधिकाऱ्याचे नाव मिळाले, आणि १९८५ साली तेही टॅन टॉक सेंग रुग्णालयाच्या छत्राखाली आले. बेटावर साथ आली की तिचे रोगी बहुधा याच रस्त्याने आत आले.

जेथे साथीचा रोगी येतो तेथे पहाराही येतोच. रोगी कोणास भेटला, कोठे बसला, घरातून बाहेर पडला की नाही, याची खबर ठेवल्यावाचून साथ आटोक्यात येत नाही, आणि ही खबर ठेवायची म्हणजे माणसाच्या खासगी आयुष्यात डोकावणे आलेच. नोव्हेनाच्या गेल्या दोन दशकांच्या इतिहासात हे डोकावणे यंत्राच्या डोळ्याने कसे होऊ लागले, ते यंत्र भिंतीवरून मनगटावर, मनगटावरून गळ्यात आणि अखेर नाकावरच्या चष्म्यात कसे आले, आणि ज्या लोकांनी एका प्रसंगी असला डोळा निमूटपणे घरात घेतला तेच लोक दुसऱ्या प्रसंगी का बिथरले, याची कैफियत मांडण्याजोगी आहे.

फेब्रुवारी २००३ च्या अखेरीस हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात उतरून परतलेली एक तरुण सिंगापुरी स्त्री १ मार्च रोजी ताप आणि खोकल्याची तक्रार घेऊन टॅन टॉक सेंग रुग्णालयात दाखल झाली. तिच्या आजारास तेव्हा नावही नव्हते. सार्स हे नाव जगाला कळेपर्यंत तिच्याभोवतीच्या परिचारिका, डॉक्टर, नातेवाईक आणि शेजारच्या खाटांवरील रुग्ण यांच्यात तो पसरून गेला होता. २२ मार्च रोजी सरकारने हे रुग्णालय केवळ सार्सच्या रोग्यांसाठी राखून ठेवले, आणि दोनच दिवसांनी सांसर्गिक रोगांच्या कायद्याचा आधार घेऊन रोग्यांच्या सहवासात आलेल्यांना दहा दिवस घरातच राहण्याचे हुकूम बजावण्यास प्रारंभ केला. त्या वसंतात सिंगापुरात एकूण २३८ लोकांना हा आजार झाला व ३३ दगावले. आजारी पडलेल्यांपैकी सुमारे दोनपंचमांश लोक रुग्णालयांत काम करणारे होते. नोव्हेनाकडे जाण्यास टॅक्सीवाले कांकू करू लागले, गणवेशातील परिचारिका गाडीत बसली की शेजारचे आसन रिकामे होऊ लागले, आणि ज्यांनी आपला जीव धोक्यात घालून शहर सावरले त्यांनाच शहराची नजर चुकवून घरी जाण्याची पाळी आली.

घरात राहण्याचे हुकूम सुटले, पण ते पाळले जातात की नाही हे पाहायचे कोणी? आरंभी आरोग्य खात्याचे लोक हे काम करीत होते; परंतु हुकुमांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर जाऊ लागली तेव्हा १० एप्रिलपासून ते सिस्को या सुरक्षा-संस्थेकडे सोपवण्यात आले. सिस्कोचा माणूस मुखपट्टी लावून दारी येई, हुकूम हाती देई, आणि सोबत आणलेला एक लहानसा कॅमेरा दूरध्वनीशी जोडून बैठकीच्या खोलीत ठेवून जाई. दिवसातून अनेकदा, आणि अमुकच वेळी असे न सांगता, घंटा वाजे. घरच्या माणसाने उठावे, कॅमेऱ्याची कळ दाबावी, त्याच्यासमोर उभे राहावे, पलीकडच्या कारकुनाने चेहरा ओळखावा आणि संभाषण संपावे, असा हा रिवाज होता. जो दोषी सापडे त्याच्या मनगटावर कड्यासारखी विजेची पट्टी चढे, आणि ती घेऊन तो घराबाहेर पडला किंवा त्याने ती तोडली तर तेथल्या तेथे वर्दी जाई. पुन:पुन्हा घर सोडून जाणाऱ्या एका गृहस्थाला सहा महिन्यांची कैदही झाली. साथ ओसरली तेव्हा साडेसात हजारांहून अधिक लोकांवर असा हुकूम बजावला गेल्याचे दप्तरात नोंदले गेले होते.

एवढ्या लोकांच्या बैठकीच्या खोलीत सरकारी डोळा बसला आणि तरीही मोठा असंतोष माजला नाही, ही गोष्ट केवळ सिंगापुरी लोकांच्या आज्ञाधारकपणावर लोटून देण्यासारखी नाही. भीती होती हे खरेच. घरी अडकून पडलेल्या लहान व्यावसायिकांना आणि रोजगाऱ्यांना सरकार भत्ता देत होते हेही खरेच. परंतु त्या कॅमेऱ्याच्या रचनेतच काही सभ्यता होती, तिच्याकडे इतिहासकाराने दुर्लक्ष करता कामा नये. तो डोळा घरच्या माणसाने स्वत: उघडायचा होता. तो उघडण्यापूर्वी घंटा वाजत होती. एवढ्या अवकाशात स्त्रीला पदर सावरता येत होता आणि पुरुषाला सदरा चढवता येत होता. तो कोणाचा आहे आणि कशासाठी आहे हे हुकुमाच्या कागदावर लिहिलेले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला दहा दिवसांची मुदत होती. ती सरली की यंत्र उचलले जाई आणि घर पुन्हा घरच्यांचे होई.

मराठी वाचकास या ठिकाणी १८९७ चे पुणे आठवल्यावाचून राहणार नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्याच्या सरकारने साथीच्या रोगांचा कायदा संमत केला, आणि त्या कायद्याने दिलेल्या अमर्याद अधिकारांच्या बळावर पुण्यात रँड साहेबांच्या प्लेग कमिटीने १३ मार्चपासून घरांच्या झडत्या सुरू केल्या. झडतीस येणारे गोरे सोजीर असत. कधी येतील याचा नेम नसे. माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली असा भेद त्यांच्या लेखी नव्हता. रोगी दडवला असेल या संशयाने कोठ्या उपसल्या जात, सामान अंगणात आणून जाळले जाई, आणि स्त्रियांची काख-जांघ तपासण्याचे प्रकार उघड्यावर घडल्याच्या तक्रारी होत्या. अर्ज-विनंत्या गेल्या, वर्तमानपत्रांनी टाहो फोडला, आणि झडत्या चालूच राहिल्या. २२ जून रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रोषणाई आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, त्यानंतर लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

दोन्हीकडे साथ होती, दोन्हीकडे कायदा होता आणि दोन्हीकडे घराचा उंबरठा ओलांडला गेला. पण पुण्यात येणाऱ्याने वर्दी दिली नाही, दाद मागण्यास जागा ठेवली नाही, आणि हा प्रकार कधी थांबेल हे कोणास सांगितले नाही. परकी सत्ता हे त्या क्षोभाचे मूळ होतेच. परंतु ज्या घरातील स्त्रिया राजकारणापासून दूर होत्या त्यांच्याही मनात जी आग पेटली ती, आपल्याकडे कोण, केव्हा आणि किती पाहणार यावर आपला यत्किंचितही अंमल उरला नाही, या जाणिवेची होती. त्याच पुण्याच्या आणि मुंबईच्या महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये, त्याच १८९७ च्या कायद्याच्या आधारे, घरी विलग राहण्यास सांगितलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर मतदानाच्या शाईचा शिक्का मारण्यात आला, आणि असे शिक्के दिसताच पालघर स्थानकात गरीब रथ गाडीतून चार प्रवाशांना उतरवण्यात आले. नव्वद टक्के शरम त्या शाईत नसून डब्यातल्या सहप्रवाशांच्या नजरांत होती. मात्र तीही शाई काही दिवसांनी आपोआप पुसट होई, एवढी तरी त्या शिक्षेस मुदत होती.

३१ मे २००३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सिंगापूरचे नाव साथग्रस्त प्रदेशांच्या यादीतून काढले, आणि सिस्कोचे कॅमेरे गेले. परंतु एक डोळा गेला तोच दुसरे हजारो डोळे आले, आणि ते आणले लोकांनीच. मोबाईलमध्ये कॅमेरा बसला, २००६ साली तेथील मोठ्या वृत्तपत्रसमूहाने वाचकांनी टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध करण्यासाठी ‘स्टॉम्प’ नावाचा उपक्रम काढला, आणि भुयारी गाडीतील अवघडलेली बाई उभी असताना आसनावर झोपी गेलेला तरुण, गणवेशात राखीव आसनावर बसलेला शिपाई, रांग मोडणारी कोणी वयस्कर स्त्री, अशांचे चेहरे दुसऱ्या दिवशी सर्व शहराच्या तोंडी होऊ लागले. त्या तरुणास ताप होता की काय, त्या शिपायाचा पाय दुखावला होता की काय, याची विचारपूस छायाचित्र काढणाऱ्याने केलेली नसे. आरोप, पुरावा आणि निवाडा हे तिन्ही एकाच कळीत उरकले जात. २०१४ साली हा उपक्रम बंद करा म्हणून हजारो लोकांनी अर्जावर नावे घातली. सरकारपुढे खालमानेने उभे राहणाऱ्या या समाजाला शेजाऱ्याचा डोळा सोसवेना, ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याहून ओंगळ प्रकार कायद्यापुढे आला तो चोरून चित्रण करणाऱ्यांचा. बुटाच्या टोकात, पिशवीच्या छिद्रात, स्नानगृहाच्या खुंटीत लपवलेल्या कॅमेऱ्यांचे खटले सिंगापूरची न्यायालये दीर्घकाळ ज्या कलमाखाली चालवीत आली ते ५०९ वे कलम मेकॉलेच्या हिंदी दंडसंहितेतून तेथे गेलेले आहे. १८७२ पासून सामुद्रधुनी वसाहतींत जी दंडसंहिता लागू झाली ती आपल्याच संहितेचे धाकटे भावंड. स्त्रीच्या एकांतात घुसखोरी करणे हा अपराध त्या कलमात एकोणिसाव्या शतकातच नोंदलेला होता, पण तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीतून डोकावणारा माणूस होता. बाईच्या पाठीमागून सरकत्या जिन्यावर मोबाईल पुढे धरणारा माणूस त्यात बसवताना न्यायाधीशांना शब्द ताणावे लागत. भारताने २०१३ साली यासाठी स्वतंत्र कलम केले. सिंगापूरने २०१९ साली केलेली सुधारणा १ जानेवारी २०२० पासून अमलात आली, आणि तिच्यात पाहणे, चित्रित करणे व त्या हेतूने यंत्र बसवणे हे वेगवेगळे अपराध ठरवून स्त्री-पुरुष हा भेदही काढून टाकण्यात आला.

मधल्या काळात नोव्हेनाच्या नावाने एक विलक्षण वस्तू जगात प्रसिद्ध झाली. सिंगापुरात राहणारे यंत्रकार अँड्र्यू ह्वांग, ज्यांना ‘बनी’ या नावाने ओळखतात, आणि त्यांचे सहकारी शॉन क्रॉस यांनी आपल्या कामांना भुयारी रेल्वेच्या स्थानकांची नावे देण्याची रीत ठेवली होती. त्या रीतीस अनुसरून २०१४ साली त्यांनी लोकवर्गणीतून विक्रीस काढलेल्या संगणकाचे नाव ‘नोव्हेना’ होते. त्याचा वेग बाजारातील यंत्रांपुढे सामान्यच होता. वैशिष्ट्य होते ते असे की त्याचे आराखडे, मंडलाचे नकाशे आणि आज्ञावली सर्व जाहीर होते, आणि त्याचे झाकण उघडले की आतील हाडन्‌हाड मालकाला दिसत होते. जे यंत्र आपल्याकडे पाहते त्याच्या पोटात आपल्यालाही पाहता आले पाहिजे, हा हट्ट त्या संगणकामागे होता. तेव्हा तो छांदिष्ट वाटला. सहा वर्षांत तो सरकारदरबारी मान्य होणार होता.

२३ जानेवारी २०२० रोजी सिंगापुरात कोविडचा पहिला रोगी निश्चित झाला. तोवर नोव्हेनात, टॅन टॉक सेंग रुग्णालयाच्या शेजारी, सांसर्गिक रोगांचे राष्ट्रीय केंद्र म्हणून ३३० खाटांची नवी इमारत उभी झालेली होती, आणि सार्सच्या अनुभवातून शहाणे होऊन तेथे एक व्यवस्था आधीच घातलेली होती: कर्मचारी, रुग्ण आणि भेटीस येणारे यांनी अंगावर एक लहान बिल्ला बाळगायचा, आणि इमारतीतील यंत्रणेने तो कोठे, किती वेळ, कोणाजवळ होता याची नोंद ठेवायची. दारातून आत येताना बिल्ला घ्यावा आणि जाताना परत द्यावा, असा तो हिशेब होता. तो रुग्णालयाच्या शिस्तीचा भाग म्हणून खपून गेला.

तीच कल्पना उंबरठ्याबाहेर काढून साऱ्या बेटाला लागू करण्याचे घाटले तेव्हा मात्र गोष्ट बदलली. ‘ट्रेसटुगेदर’ नावाचे मोबाईलमधले साधन २० मार्च २०२० रोजी आले होते. ज्यांच्याकडे असा मोबाईल नाही त्यांच्यासाठी गळ्यात वा पिशवीत बाळगण्याचे एक स्वतंत्र टोकन देण्याचा मनोदय मंत्री विवियन बालकृष्णन यांनी जूनच्या आरंभी बोलून दाखवताच, अंगावर वागवायच्या असल्या साधनांस विरोध करणाऱ्या अर्जावर थोड्याच दिवसांत पन्नास हजारांवर सह्या पडल्या. एरवी सरकारच्या योजनांविरुद्ध एवढ्या सह्या त्या बेटावर सहसा पडत नाहीत. मंत्र्यांनी खुलासा केला की टोकनाला जागा शोधण्याचे यंत्र नाही, इंटरनेटही नाही. जवळ आलेल्या दुसऱ्या टोकनाशी ते केवळ सांकेतिक खुणांची देवघेव करील, आणि ती नोंद पंचवीस दिवसांनी पुसली जाईल. एवढ्या खुलाशावर न थांबता सरकारने स्वतंत्र जाणकारांना पाचारण करून ते टोकन उघडून पाहण्याची मुभा दिली. त्या जाणकारांत ‘नोव्हेना’ संगणकाचे दोन्ही कर्ते होते. त्यांनी त्या डबीचे पोट फोडून पाहिले आणि आत जाहीर केले तेच असल्याची साक्ष दिली. लोकांची धास्ती बरीच ओसरली, टोकने घरोघर गेली, आणि बाजारहाटीत शिरताना ते दाखवणे हा नित्याचा व्यवहार झाला.

यंत्राचे पोट तपासले गेले होते. ज्या कायद्याच्या पोटात ते यंत्र होते ते तपासायचे राहिले होते. ४ जानेवारी २०२१ रोजी संसदेत एका प्रश्नास उत्तर देताना गृहखात्याचे राज्यमंत्री डेसमंड टॅन यांनी सांगितले की फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलीस ही नोंद गुन्ह्याच्या तपासासाठी मागवू शकतात. आदल्या वर्षी हीच नोंद केवळ संसर्गाच्या शोधासाठी वापरली जाईल अशी ग्वाही बालकृष्णन यांनी दिलेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहात उभे राहून कबूल केले की ती ग्वाही देताना ही संहिता आपल्या ध्यानात नव्हती. खुनाच्या एका तपासात ती नोंद मागवली गेल्याचेही उघड झाले. हजारो डॉलरांच्या खर्चाने जो विश्वास मिळाला नसता तो गळ्यातल्या डबीने मिळवला होता, आणि तो एका दिवसात ढासळला. लोकांचा राग पोलिसांनी खुन्यास पकडू नये असा नव्हता. रोगासाठी म्हणून घेतलेली गोष्ट दुसऱ्याच खात्याच्या दप्तरी कशी जमा झाली, हा त्यांचा सवाल होता. महिन्याभरात, २ फेब्रुवारी रोजी, संसदेने कायदा करून पोलिसांचा अधिकार खून, दहशतवाद, अपहरण, बलात्कार यांसारख्या सात प्रकारच्या घोर अपराधांपुरता बांधून टाकला आणि नोंदीचा दुरुपयोग करणाऱ्यास शिक्षा ठरवली. २०२३ च्या आरंभी टोकने परत घेण्याची व्यवस्था झाली. उशिरा का होईना, हेतू आणि मुदत ही दोन्ही कागदावर आली.

भिंतीवरचा सरकारी कॅमेरा, हातातला मोबाईल आणि गळ्यातले टोकन यांच्यानंतरचा टप्पा आज आपल्यासमोर आहे, तो चष्म्यातल्या कॅमेऱ्याचा. तो वाटतो तितका नवा नाही. १८८६ साली बर्लिन व न्यूयॉर्क येथील स्टिर्न कंपनीने बाजारात आणलेला चपटा, चकतीसारखा धातूचा कॅमेरा पट्ट्याने गळ्यात अडकवून सदऱ्याखाली छातीवर ठेवायचा असे; त्याचे भिंग बंडीच्या काजातून गुंडीच्या जागी बाहेर येई, खालून लोंबणारी दोरी ओढली की कळ सुटे, आणि आतील साडेपाच इंचांच्या वाटोळ्या काचेवर एकामागून एक सहा लहान गोल चित्रे उमटत. पुढे कोडॅक आला, बागेत बसलेल्या वा समुद्रस्नान करणाऱ्या सभ्य स्त्रीपुरुषांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागली, आणि त्या उपद्रवावर उपाय शोधताना बॉस्टनचे वकील सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी १८९० साली जो निबंध लिहिला त्यातून एकांताचा हक्क ही कल्पना कायद्याच्या जगात रुजली. म्हणजे हा हक्क जन्मास आला तोच मुळी कॅमेऱ्याच्या चोरट्या डोळ्याला उत्तर म्हणून.

२०१३ साली गूगलने पंधराशे डॉलरांस विकलेला चष्मा लोकांनी फार दिवस सोसला नाही. सिअ‍ॅटलच्या एका मद्यगृहाने तो बाजारात सर्रास येण्यापूर्वीच आपल्या दारी बंदी केली, आणि २०१५ च्या जानेवारीत त्याची विक्री थांबली. तो चष्मा विचित्र दिसत होता, म्हणून तो घालणारा ओळखू येत होता. अस्वस्थ झालेल्या माणसाला निदान उठून जाता येत होते. २०२१ नंतर मेटा कंपनीने रे-बॅनच्या नेहमीच्या घाटात जे चष्मे आणले त्यांनी ही अडचणच नाहीशी केली. चित्रण चालू असताना चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा लागतो, एवढीच वर्दी. भर उन्हात ती कोणाच्या लक्षात यावी? २०२५ च्या आरंभापर्यंत असे वीस लाख चष्मे विकले गेल्याचे ते बनवणाऱ्या कंपनीने सांगितले. त्याआधी, २०२४ साली, हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी हा चष्मा चेहरे शोधणाऱ्या साधनांशी जोडून रस्त्यातल्या अनोळखी माणसाचे नाव-गाव काही क्षणांत काढून दाखवले, आणि ते धोक्याचा इशारा म्हणून जाहीर केले. दुसऱ्या बाजूने, ज्याला दिसत नाही अशा माणसास समोरची पाटी वाचून दाखवणारा हाच चष्मा आहे, आणि ज्याची भिंगे नंबराची आहेत त्यास ‘चष्मा काढून ठेव’ म्हणणे म्हणजे आंधळे हो म्हणणे आहे. सरसकट बंदीची भाषा म्हणूनच अपुरी पडते.

कायदा येथे कोठे उभा आहे? सिंगापूरच्या संविधानात एकांताचा हक्क शब्दश: नाही. २०१२ चा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संस्थांना बांधतो. खासगी वा घरगुती कामासाठी वावरणाऱ्या व्यक्तीला तो मोकळे सोडतो, आणि सार्वजनिक जागी सहज दिसणाऱ्या गोष्टींना संमतीची अट घालत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी हा हक्क मूलभूत ठरवला, तरी २०२३ च्या आपल्या कायद्यातही घरगुती वापरास तीच सूट आहे. सरकारने पाहिले तर त्याला जाब विचारण्यास संसद आहे, न्यायालय आहे, निदान वर्तमानपत्र तरी आहे. नोव्हेनाच्या फलाटावर समोर उभ्या असलेल्या चष्मेवाल्या सद्गृहस्थाला कोणत्या कलमाखाली हटकावे? मोलमीन रस्त्यावरील रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या माणसाचा आजार, त्याच्या हातातील चिठ्ठीवरील नाव, त्याच्या बायकोच्या डोळ्यांतले पाणी, हे सर्व त्या चष्म्यात जमा झाले, तर ते कोठे जाते, किती दिवस राहते आणि उद्या कोणाच्या हाती लागते, याची रुजुवात करणारे दप्तर कोठेच नाही.

१८९७ ते आजवरच्या या हकिगतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. पाहिले जाण्याची माणसाला एवढी चीड नाही, जेवढी बेहिशेबी पाहण्याची आहे. पाहणारा उघड असावा, त्याने हेतू सांगावा व त्यापलीकडे जाऊ नये, आणि पाहण्यास मुदत असावी, या तीन अटी पाळल्या गेल्या तेव्हा सिंगापूरच्या माणसाने बैठकीच्या खोलीतही कॅमेरा ठेवू दिला. दुसरी अट मोडली तेव्हा त्याने मंत्र्याला सभागृहात कबुली द्यायला लावली. पुण्यात तिन्ही मोडल्या तेव्हा त्याचे पर्यवसान रक्तपातात झाले. चष्म्यातला कॅमेरा या तिन्ही अटींतून जन्मत:च सुटलेला आहे, आणि तो घालणारा सरकार नसून आपलाच शेजारी, पाहुणा किंवा भाचा असल्यामुळे त्याला अटी घालण्याचा संकोच वाटतो. हा संकोच सोडावा लागेल. रुग्णालय, शाळा, तालीम, प्रसाधनगृह, मंडळाचा गणेशोत्सव आणि कोणाचेही घर येथे कॅमेऱ्याचा चष्मा घालून येणाऱ्याने यजमानास आधी सांगावे, जोडे बाहेर काढण्याचा शिरस्ता जसा कोणी कायद्याने लावला नाही तसा हाही लोकांनीच लावावा. बनवणाऱ्यांनी दिवा असा करावा की तो दिसेल आणि झाकल्यास कॅमेरा बंद पडेल. आणि ज्याचे चित्र घेतले त्याने पुसून टाक म्हटले तर पुसण्याची जबाबदारी चित्र घेणाऱ्यावर असावी. कायदा यथावकाश येईल, पण ५०९ व्या कलमापासून नव्या कलमापर्यंत येण्यास त्याला जवळजवळ दीडशे वर्षे लागली, हे पाहता तोवर हा व्यवहार आपल्याच हाती राहणार आहे.